जुलाब ओसरताना छातीत दुखलं तर

जत्रेत कोंबडी-वडे जेवून दोन-चार दिवसांनी ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले, तर बहुतेक माणसं आठवड्याभरात बरी होतात. क्वचित मात्र कॅम्पिलोबॅक्टर किंवा साल्मोनेला या जिवाणूंच्या संसर्गामागोमाग हृदयाच्या स्नायूला सूज येते. हा मायोकार्डायटिस. तो जास्त करून धडधाकट तरुण मुलग्यांत दिसतो, म्हणूनच छातीतली कळ 'गॅस' ठरते आणि ओवा-सोड्यावर वेळ जातो.

जुलाब लागल्यापासून पहिल्या आठवड्यात छातीत दुखलं, धडधडलं, दम लागला किंवा चक्कर आली, तर १०८ ला फोन करा. रुग्णाला दुचाकीवर बसवून घाट ओलांडू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नका.

डॉक्टरांना जुलाबांची तारीख आधी सांगा. ती राहिली तर दोन्ही दुखण्यांचा धागा जुळतच नाही. ईसीजी कधी हार्ट अटॅकसारखा दिसतो, कधी चक्क नॉर्मल येतो; त्यामुळे ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी, रक्ततपासणी हवीच, आणि गरजेनुसार काही तासांनी पुन्हा. मग इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पक्कं निदान बहुधा हृदयाच्या एमआरआयने. शौचाचा नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावा.

'आधी एक सलाईन लावा' हा आपल्याकडचा आग्रह इथे घातक ठरू शकतो. स्नायू दुबळा झाला असेल तर भराभर चढवलेलं पाणी फुप्फुसात साचतं. किती द्यायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

बरं वाटलं तरी तीन ते सहा महिने रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणं, कबड्डी, पोहणं बंद. सुजलेल्या स्नायूवर ताण आला की ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. पुन्हा तपासून परवानगी मिळाल्यावरच सुरुवात करा.

स्वयंपाकघरात कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सगळीकडे उडतात. मांडीचा जाड भाग हाडापाशी गुलाबी राहता कामा नये. थर्मामीटर असेल तर आत ७५ अंश सेल्सिअस हवेत. खरी चूक मात्र सोलकढीत होते. रस्सा उकळतो, सोलकढी उकळत नाही. ज्या आडाळ्यावर (विळीवर) कोंबडी कापली त्यावरच नारळ खवला, की जिवाणू थेट वाटीत. कोकमाच्या आंबटपणावर विसंबू नका. नारळाचा रस आधी काढून झाकून ठेवा, कोंबडी त्यानंतर कापा, आणि आडाळो साबणाने घासल्याशिवाय पुन्हा हातात घेऊ नका.