रात्री रंगवणाऱ्यांसाठी दिवे

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रंगाची खोली बोळाकडे उघडते. नोकरीमुळे ब्रश हाती येतो तो रात्री नऊनंतर. दोन वर्षं साध्या एलईडी ट्यूबखाली रंगवलं. सकाळी चित्र गच्चीवर नेलं की माणसांचे गाल नको तितके तांबडे!

कारण असं, की स्वस्त एलईडीत गडद लाल प्रकाश कमी असतो. लाल मंद दिसतो म्हणून आपण तो वाढवत राहतो. तेव्हा वॅट नंतर, आधी खोक्यावरचा सीआरआय वाचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. ९५ च्या वर हवा. आर९, म्हणजे गडद लालासाठीचा तसाच आकडा, दिला असेल तर तोही ९० च्या आसपास बघा. त्वचेचे रंग त्यावरच तरतात. रंगतापमान, म्हणजे उजेड पिवळट की निळसर याचं माप, ५००० केल्विन. ६५०० ला निळसर झाक येते, ३००० ला फिका पिवळा पांढऱ्यात हरवतो.

बल्बपेक्षा चार फुटी बॅटन (लांब पट्टीसारखा दिवा) बरा, सावल्या मऊ पडतात. तो ईझलच्या, म्हणजे कॅनव्हास ठेवायच्या घोडीच्या, वर, थोडा पुढे, कॅनव्हासवर साधारण ४५ अंशांत उजेड पडेल असा लावा. उजव्या हाताने रंगवत असाल तर डावीकडून. तैलरंग चकाकला तर कॅनव्हास किंचित पुढे झुकवा. पॅलेटवरही तोच उजेड हवा, यात तडजोड नको.

आईने हौसेने दिलेला भिंतींचा पोपटी रंग चित्रावर उतरत होता. ईझलजवळच्या दोन भिंती मी राखाडी केल्या, तिला समजावून. काम करताना पॅसेजमधला पिवळा दिवाही बंद ठेवते.