गोव्यातील हौशी रग्बी लीगची फेररचना: प्रवास आणि एकतर्फी सामने कसे कमी करावेत

लांबचा प्रवास आणि एकतर्फी सामने या तक्रारी बैठकीत वेगवेगळ्या मांडल्या जातात, परंतु बहुतेक वेळा दुखणे एकच असते. काणकोणच्या संघाला रविवारी पेडण्यात सामना दिला, की सुमारे १०० किलोमीटरच्या त्या वाटेसाठी बारांपैकी सातच जण निघतात, राखीव खेळाडू नसल्याने उत्तरार्धात त्यांचे पाय जड होतात, पन्नासेक गुणांनी पराभव पदरी पडतो आणि पुढच्या वेळी तो संघ येतच नाही. म्हणून गट पाडताना अंतर आणि ताकद या दोन्हींचा विचार एकाच बैठकीत करावा.

सुरुवात एका साध्या वहीपासून करा. गेल्या हंगामातील प्रत्येक सामन्यापुढे दोन्ही संघांचे किती खेळाडू प्रत्यक्ष आले, गुणांचा फरक किती राहिला आणि पाहुण्या संघाला मैदानावर पोहोचायला किती मिनिटे लागली, हे लिहा. किलोमीटर लिहू नका, कारण गोव्यात त्यांचा फारसा उपयोग होत नाही: करमळ घाटातले वीस किलोमीटर आणि म्हापसा-पणजी मार्गावरचे वीस किलोमीटर सारखे नसतात, आणि दिवाडीच्या खेळाडूला पणजी कितीही जवळ दिसली, तरी फेरीबोट चुकली की वॉर्मअपही चुकतो. वेळ मोजताना मोटारसायकलवाल्याचा नव्हे, तर कदंबच्या बसने येणाऱ्या खेळाडूचा हिशेब धरा. कॉलेजातली मुले त्याच बसने येतात, आणि त्यांना परतीची शेवटची बसही गाठायची असते.

आता गट पाडायचे. इथे जिल्ह्याची सीमा विसरावी. फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला, म्हणून फोंड्याहून मडगाव काही जवळ आले नाही. वहीतल्या मिनिटांवरून पाहिल्यास पेडणे, बारदेश आणि डिचोली यांचा एक पट्टा, तिसवाडी आणि मुरगाव यांचा दुसरा, फोंडा, सत्तरी आणि धारबांदोडा यांचा तिसरा, तर सासष्टी, केपे, सांगे आणि काणकोण यांचा चौथा, अशी मांडणी साधारणपणे हाती लागते. संघ कमी असतील तर शेजारचे दोन पट्टे एकत्र करावेत. इंग्लंडमध्ये २०२२-२३ च्या हंगामापासून चौथ्या पातळीवरच्या दोन विभागांचे तीन विभाग करण्यात आले आणि प्रत्येकातील संघ १६ वरून १४ वर आणले गेले. म्हणजे घर-परघर मिळून प्रत्येक संघाचे ३० ऐवजी २६ सामने झाले. आपला पसारा त्यापुढे अगदी लहान असला, तरी युक्ती तीच आहे.

सर्वांत मोठी बचत मात्र सामन्यांच्या दिवसाच्या रचनेत आहे. समजा आठ संघ आहेत. सर्वांनी एकमेकांशी एकदा खेळायचे म्हटले तर २८ सामने होतात. चार-चारांचे दोन गट केले तर १२. त्यातही सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंची छोटी रग्बी, खेळत असाल, तर गटातले सहाही सामने एकाच मैदानावर एकाच दुपारी उरकता येतात, म्हणजे संघाला तीन सामन्यांसाठी तीनदा नव्हे, एकदाच घराबाहेर पडावे लागते. सात मिनिटांचे दोन डाव आणि मधली दोन मिनिटे मिळून १६ मिनिटे होतात. प्रत्येक सामन्याला २५ मिनिटे धरा. क्रम असा ठेवा: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, मग पहिला-तिसरा, दुसरा-चौथा, शेवटी पहिला-चौथा, दुसरा-तिसरा. चार संघांत कुणाला तरी लागोपाठ दोन सामने येणे टळत नाही, म्हणून प्रत्येक जोडीनंतर २० मिनिटांची विश्रांती द्या. अडीचला सुरुवात केली तर पावणेसहापर्यंत, डिसेंबरातही उजेड असताना, सारे आटोपते. असे चार मेळे, प्रत्येक वेळी वेगळ्या यजमानाकडे, घेतले की हंगाम भरतो.

ताकदीची चाचणी पहिल्या मेळ्यातच करून घ्या आणि तो गुणतक्त्यात धरू नका. गेल्या वर्षीच्या क्रमांकावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण गावातल्या संघातून दोन मुले नोकरीसाठी जहाजावर गेली की संघच बदलतो. ट्राय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे, आणि त्यानंतरची रूपांतराची किक मिळून सात गुण होतात. फरक ३५ च्या वर, म्हणजे पाच ट्रायच्या वर गेला, तर ती जोडी पुन्हा लावू नये. शेजारच्या गटातल्या बरोबरीच्या संघाशी अदलाबदल करावी, मात्र त्यामुळे वाढणारा प्रवास एका वाटेला ३० मिनिटांपेक्षा अधिक नसावा. अंतर आणि ताकद यांची ओढाताण झालीच, तर प्रौढ संघांत मी ताकदीला झुकते माप देईन, कारण टॅकलच्या, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडण्याच्या, खेळात दमलेला, अननुभवी खेळाडू जखमी होतो. सोळा वर्षांखालील मुलांसाठी अंतर आधी पाहावे आणि कमकुवत संघाला दुसऱ्या गावाचे दोन खेळाडू उसने घेऊ द्यावेत.

खर्चासाठी सर्व संघांकडून सारखी वर्गणी घेऊन एक प्रवासनिधी करा आणि दूरच्या संघाच्या बसचे भाडे त्यातून द्या. मैदान ठरवताना भातकापणीनंतरच्या शेतांचा मोह आवरा. तिथे फुटबॉल रंगतो, पण धसकटांवर टॅकल नको.

तारखा नोव्हेंबर ते मार्चमध्ये बसवताना ३ डिसेंबरचे जुन्या गोव्यातील फेस्त, कार्निव्हल आणि शिगमो यांच्या लगतचे रविवार आधीच खोडून टाका, आणि यजमान गावाची ग्रामसभा त्या रविवारी नाही ना, हेही पंचायतीत विचारा. कच्चे वेळापत्रक सर्वांत आधी सर्वांत दूरच्या संघाच्या व्यवस्थापकाला दाखवा, आणि त्याच्या होकारानंतरच ते इतरांना पाठवा.