रांगोळी, वाळू आणि गगनबावडा : खंडाची कड ताणून पाहायची तर

गगनबावड्याच्या कड्यापासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर आहे. तरी तिथं पडलेला पाऊस कुंभी नदी पूर्वेकडे नेते. तो पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतो आणि हजाराहून जास्त किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागरात पडतो. समुद्र दाराशी असताना नद्यांनी पाठ का फिरवली, याचं उत्तर खंडाची कड ताणली कशी जाते यात आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम बाजूनं मादागास्कर सुटलं आणि साधारण सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा सुटला. सुटण्याआधी जमीन ताणली जाते, पातळ होते आणि खचते. हा प्रकार घरच्या टेबलावर करून पाहता येतो.

सामान फार लागत नाही. दोन फुटी काचेची टाकी (जुनी फिश टँक चालेल), टाकीच्या रुंदीत नीट बसेल अशी प्लायवुडची फळी, सुताराकडे पडलेला सनमायकाचा तुकडा, बारीक वाळू, दोन-तीन रंगांची रांगोळी, पिठाची चाळण, पट्टी आणि कंपासपेटीतला कोनमापक. वाळू कडक उन्हात वाळवून चाळून घ्या. ती ओलसर राहिली तर प्रयोग फसतो, कारण ओली वाळू तडा गेला तरी भिंतीसारखी उभी राहते. काही किलोमीटर जाडीचा खडक सेंटिमीटरवर आणायचा, तर त्याची ताकदही तितक्याच पटीनं कमी करावी लागते. हा हिशेब भूशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांनी १९३७ साली मांडला. त्या मापात कोरडी, भुसभुशीत वाळूच बसते. चिखल किंवा मातीचा गोळा फार मजबूत ठरतो.

सनमायका फळीच्या खालच्या कडेला चिकटवा आणि टाकीच्या तळावर पसरा. फळी टाकीच्या टोकाच्या काचेपासून ४० सेंटिमीटरवर उभी करा. सनमायकाची मोकळी कड मधोमध, २० सेंटिमीटरवर यायला हवी. आता या ४० सेंटिमीटरमध्ये चाळणीनं वाळू पसरा. एक सेंटिमीटरचा थर, पट्टीनं सपाट, त्यावर रांगोळीची पातळ रेघ, विशेषतः काचेलगत. असे पाच थर घाला. हातानं दाबू नका. एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर धरलं, तर टाकीत भूकवचाचा फक्त वरचा, ठिसूळ भाग आला. त्याच्या खाली काय चालतं ते पुढे येईल.

मग फळी मागे ओढा, एका वेळी अर्धा सेंटिमीटरच. घाई केली की सगळं एकदम ढासळतं आणि बघायचं राहून जातं. सुरुवातीला पृष्ठभागावर हलका खोलगटपणा येतो. थोडं आणखी ओढलं की सनमायकाच्या कडेवर काचेतून दोन तिरप्या रेघा उमटतात आणि त्यांच्या मधला ठोकळा खाली सरकतो. रांगोळीचा लाल पट्टा रेघेशी तुटून दुसऱ्या बाजूला खाली सापडतो. हे प्रस्तरभंग, आणि मधली ती खचदरी. पूर्व आफ्रिकेत आज हेच चालू आहे. कोनमापक लावा, सुरुवातीचा उतार ६० अंशांच्या आसपास भरतो. ओढत राहिलात तर ठोकळे कलंडतात, उतार कमी होतो आणि आत नवे भंग तयार होतात.

इथं एक गोष्ट जरूर करा. प्रत्येक दोन-तीन ओढींनंतर खळग्यात वेगळ्या रंगाची वाळू शिंपडा. हा नद्यांनी आणलेला गाळ. ओढणं चालू असताना पडलेला गाळ भंगाच्या बाजूला जाड आणि पलीकडे पातळ होत जातो, कारण तळ खचता खचताच तो साचतो. ओढणं थांबवल्यावर शिंपडलेला थर मात्र खळगा भरून सपाट पसरतो. समुद्रतळाखालच्या थरांचं भूकंपीय चित्र (लहरी आत सोडून, त्यांच्या प्रतिध्वनीवरून काढलेलं) वाचणारे लोक ताण कधी सुरू झाला आणि कधी थांबला ते याच फरकावरून सांगतात. माझ्या मते सगळ्या प्रयोगात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथंच आहे, आणि नेमकी हीच पायरी लोक कंटाळून सोडतात.

शेवटी स्प्रेनं हलकं पाणी मारून वाळू मुरू द्या आणि जुन्या सुरीनं मधोमध, टाकीच्या लांबीला धरून, उभा काप घ्या. काचेलगत घर्षणामुळे रेघा वाकड्या होतात, आतला काप जास्त खरा असतो. आता मोजा. मूळ जाडी ५ सेंटिमीटर. खळग्यात शिंपडलेली वाळू वगळून अडीच उरली असेल, तर ताण दुप्पट. या आकड्याला बीटा म्हणतात. हिंमत असेल तर पुन्हा थर लावून तळाचा सनमायका उघडा पडेपर्यंत ओढा. पोर्तुगालच्या पश्चिमेला समुद्रात असंच झालं आहे. तिथं कवच इतकं ताणलं गेलं की कवचाच्या खाली असणारा प्रावरणाचा खडकच समुद्रतळावर आला, आणि तो विंधन जहाजांनी खणून वरही काढला.

टाकीत उष्णता नाही, हा तिचा मोठा उणेपणा. खऱ्या कवचात १०-१५ किलोमीटरखाली तापमान ३०० अंशांच्या पुढं जातं. तिथला खडक तुटत नाही, सावकाश वाहत पातळ होतो. भूशास्त्रज्ञ डॅन मॅकेंझी यांनी १९७८ मध्ये वरपासून खालपर्यंत सारखाच ताण धरून गणित मांडलं. ब्रायन वर्निके यांनी १९८५ मध्ये एकच लांब, तिरपा भंग सगळं कापत जातो असं सुचवलं. तसं असेल तर सुटलेल्या दोन कडा एकमेकींसारख्या नसतात. आता दोन्ही कल्पना वेगवेगळ्या टप्प्यांवर वापरतात.

जमीन पातळ झाली की खाली का जाते, हे वहीत करून बघा. कुणी तिला खाली ओढत नाही. लाकडाचा जाड ठोकळा पाण्यावर जास्त उंच राहतो, पातळ ठोकळ्याचा माथा कमी उंचीवर असतो, तसंच. कवच ३६ किलोमीटर, बीटा २, म्हणजे १८ किलोमीटर कमी झालं. कवचाची घनता २.८, प्रावरणाची ३.३, समुद्राच्या पाण्याची १.०३. १८ ला ३.३ आणि २.८ मधल्या फरकानं, म्हणजे ०.५ नं गुणा, ९ आले. त्यांना ३.३ वजा १.०३, म्हणजे २.२७ नं भागा. उत्तर साधारण ४ किलोमीटर. समुद्रसपाटीवरची जमीन शेवटी इतक्या खोल पाण्याखाली जाते. यातलं निम्मंच खचणं ताणाबरोबर होतं, कारण खालून वर आलेलं प्रावरण तापलेलं आणि हलकं असतं. ते थंड होईल तसं उरलेलं कोट्यवधी वर्षं चालू राहतं. गाळाचं वजन पडलं की खोली आणखी वाढते. आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाही या भानगडीत होता. अशा ठिकाणी खालून चिकटलेला वितळलेला खडक कवचाची जाडी थोडी भरून काढतो, म्हणून पोर्तुगालचं चित्र इकडं जसंच्या तसं लावू नका.

आता बाहेर पडा. पावसाळा संपल्यावर, धुकं नसलेल्या दिवशी, गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ किंवा भुईबावडा घाटात जा. लाव्ह्याच्या काळ्या खडकाचे थर बघा. ते जवळजवळ आडवे आहेत, टाकीतल्यासारखे कलंडलेले नाहीत. हा कडा म्हणजेच प्रस्तरभंग, असं बरेच लोक ठासून सांगतात. ते पटण्यासारखं नाही. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ताणाच्या वेळी उचललेली मूळ कड पश्चिमेला होती आणि झीज होत होत ती मागे, पूर्वेकडे सरकली. कोकणपट्टी ही त्या झिजेची जागा. उचललेल्या कडेचा उतार आतल्या बाजूला असतो, म्हणून नद्याही आत वळल्या. थर कललेले पाहायचेच असतील तर पनवेलच्या बाजूला जावं लागेल. तिथं लाव्ह्याचे थर समुद्राकडे वाकलेले आहेत.

खचलेले ठोकळे आज अरबी समुद्राखाली, गाळाच्या आड आहेत. १९७४ मध्ये तेल लागलं ते मुंबई हाय अशाच एका उंच राहिलेल्या ठोकळ्यावर आहे. आजूबाजूचे खळगे खचले आणि गाळानं भरले. हा पसारा घरबसल्या बघायचा तर नकाशाच्या ॲपमध्ये उपग्रहचित्र लावा आणि किनाऱ्यासमोरची फिकट निळी, म्हणजे उथळ पाण्याची, पट्टी जिथं गडद होते तिथपर्यंत अंतर मोजा. मुंबईसमोर ते ३०० किलोमीटरच्या आसपास भरतं, केरळसमोर शंभराच्याही आत येतं. मधे रत्नागिरी, मालवण आणि कारवारसमोर मोजत गेलात तर पट्टी कशी अरुंद होत जाते ते दिसेल.