डीएलसीचा थर तपासताना या चुका टाळा

डायमंड-लाइक कार्बनचा (डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारखा कार्बन) थर चढवला, रामन स्पेक्ट्रम (थरावरून विखुरलेल्या लेझर-प्रकाशाचा आलेख) घेतला, डी आणि जी शिखरांचं गुणोत्तर काढलं आणि लिहून टाकलं, 'एसपी३ बंध (हिऱ्यात असतात तसे) ७० टक्के'. ही चूक इतकी सर्रास होते की आधी तिच्याबद्दलच बोलायला हवं.

हिरव्या लेझरने (५१४ नॅनोमीटर) घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये एसपी३ बंध जवळजवळ दिसतच नाहीत. एसपी२चा, म्हणजे ग्राफाइटमधल्यासारख्या बंधांचा, प्रतिसाद त्यांच्या ५० ते २३० पट असतो. थरात ८५ टक्के एसपी३ असले तरी समोर दिसतात ती शिखरं उरलेल्या एसपी२चीच. त्यातलं जी शिखर एसपी२ अणूंच्या जोड्या ताणल्या-आखडल्याने येतं, मग त्या जोड्या कड्यात असोत वा साखळीत. डी शिखराला मात्र सहा अणूंची कडी लागतात. डी नाहीसं झालं तर कडी उरली नाहीत एवढंच खात्रीने सांगता येतं.

जीच्या जागेवरून अंदाज बांधणंही फसवं. फेरारी आणि रॉबर्टसन यांनी २००० साली मांडलेल्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात हे शिखर ग्राफाइटच्या १५८१ वरून नॅनो-ग्राफाइटच्या १६०० पर्यंत चढतं, अमॉर्फस (अव्यवस्थित रचनेच्या) कार्बनपाशी १५१० ला उतरतं आणि टेट्राहेड्रल (एसपी३ने भरलेल्या) कार्बनकडे जाताना पुन्हा १५७० च्या आसपास येतं (आकडे प्रति सेंटिमीटर). म्हणजे १५६० वर शिखर मिळालं, तर थर जवळपास सगळा एसपी२चा असू शकतो किंवा एसपी३ने भरलेलाही! त्यात थर तापवला असेल तर शिखराची परतीची वाट आणखी वेगळी.

म्हणून एसपी३चा आकडा द्यायचाच असेल तर इलेक्ट्रॉन ऊर्जा-ऱ्हास वर्णपट घ्या. तिथे २८५ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळचं शिखर एसपी२चं प्रमाण सांगतं. निदान क्ष-किरण परावर्तनाने घनता तरी मोजा. चांगल्या टेट्राहेड्रल थराची घनता ३.१ ते ३.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर भरते, हिऱ्याची ३.५ असते. रामनच वापरायचं असेल तर अतिनील लेझरने १०६० जवळचं टी शिखर शोधा. आणि कोणताही लेझर असो, शेजारच्या नव्या जागी कमी शक्तीवर दुसरा स्पेक्ट्रम घ्या. आधीच्या स्पेक्ट्रममध्ये डीचा खांदा जास्त फुगलेला दिसला तर लेझरने थर भाजतोय असं समजा.

एसपी३ जास्त म्हणजे थर कठीण, हेही गृहीत धरू नका. हायड्रोजन ४०–५० टक्क्यांवर गेला की एसपी३ भरपूर असूनही थर प्लॅस्टिकसारखा मऊ होतो, कारण त्यातले कितीतरी बंध हायड्रोजनपाशीच संपतात. कार्बन-कार्बनचं जाळं किती घट्ट विणलंय यावर कठीणपणा ठरतो.

चेंबर उघडल्यावर थरावर नागमोडी फुगवटे दिसतात, दुसऱ्या दिवशी कपचे निघतात. दोष बहुतेकदा 'घाण सब्स्ट्रेट'वर (ज्यावर थर चढवतात त्या पृष्ठभागावर) ढकलला जातो. स्वच्छता हवीच, पण टेट्राहेड्रल थरात दाबाचा ताण १० गिगापास्कलपर्यंत जातो आणि जाडीबरोबर साठलेली ऊर्जा वाढत जाते. एका मर्यादेपुढे कितीही चांगलं पृष्ठभाग-बंधन त्याला धरून ठेवू शकत नाही. जाडी कमी ठेवा, क्रोमियम किंवा टायटॅनियमचा मधला थर द्या. हायड्रोजनविरहित थर सिलिकॉनवर असेल तर निर्वातात ६०० अंशांपर्यंत तापवून बराचसा ताण घालवता येतो, एसपी३ फारसे घटत नाहीत. हीच युक्ती हायड्रोजनयुक्त थरावर करू नका. त्याआधीच हायड्रोजन निघून जातो आणि थर ग्राफाइटकडे झुकतो. पोलादावर तर मुळीच नको, त्याचं पाणी उतरेल, म्हणजे कठीणपणा जाईल.

चढवतानाच सब्स्ट्रेट २०० अंशांपुढे गेला तर एसपी३ झपाट्याने घसरतात. आयनांची ऊर्जा साधारण १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ठेवा.

एक्सपीएसआधी (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे बंध तपासण्याआधी) आर्गॉन आयनांच्या माऱ्याने पृष्ठभाग 'साफ' करण्याचा मोह आवरा. त्या माऱ्यानेच वरचे एसपी३ मोडतात. नॅनोइंडेंटेशनमध्ये (सूक्ष्म टोक रुतवून कठीणपणा मोजताना) टोक जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून खोल गेलं तर खालच्या सिलिकॉनचा परिणाम आकड्यात मिसळतो. १०० नॅनोमीटरच्या थरात १० नॅनोमीटरवर थांबायचं असतं, आणि इतक्या उथळ खुणेत टोकाची गोलाई तपासल्याशिवाय मिळालेल्या आकड्यावर विसंबता येत नाही.