गेमची चित्रं आणि कॉपीराइट : नव्याने या धंद्यात येणाऱ्यांसाठी

पर्वरीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी मोबाइल गेमची चित्रं करतो. पणजीच्या कला महाविद्यालयातून किंवा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेली मुलं कायद्याचं नाव काढलं की ‘ते वकील बघतील’ म्हणून मोकळी होतात. वकील येतो शेवटी, तोवर चित्र काढून झालेलं असतं. काय काढायचं हे ठरवतानाच कायदा थोडाफार ठाऊक हवा.

गोव्यात हमखास येणारी मागणी म्हणजे ‘मारियोसारखं करा’. हे मारियो म्हणजे गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा, ते २०११ साली गेले. आपल्याकडे कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्यांची चित्रं २०७१ अखेरपर्यंत राखीव. गजबजलेली तावेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, काढायला कुणाची ना नाही. कल्पना सगळ्यांची, मांडणी मात्र ज्याची त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलंय. पण त्यांचं मिस निंबूपानी हे पात्र उचलून स्क्रीनवर बसवलंत तर नोटीस आलीच समजा.

एका ग्राहकाने हाच हट्ट धरला तेव्हा आम्ही त्याला कावी ही भिंतीवरची जुनी चित्रकला दाखवली. ओल्या चुन्याच्या भिंतीवर काव, म्हणजे लाल मातीचा रंग, चढवायचा आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ती बघायला मिळते. त्या जुन्या, अनाम कारागिरांच्या कामावर आता कॉपीराइट नाही. मात्र कुणी त्या भिंतीचा फोटो काढला, तर त्या फोटोवर असतो. म्हणून नेटवरचे फोटो बाद! देवस्थानाची परवानगी काढून, वही घेऊन आम्ही भिंतीसमोर बसलो. फोटोत सपाट वाटणाऱ्या रेघेला प्रत्यक्षात काठ असतो आणि तिरप्या उजेडात त्या काठाची बारीक सावली पडते. गेममध्ये सूर्य कलतो तशी ही सावली सरकते. ग्राहकाला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. फुकटचा फोटो हाताशी असता, तर तिथवर गेलं कोण असतं?

शिवाय दोनच रंग, त्यामुळे पीएनजी (चित्र साठवायचा एक फाइल-प्रकार) फायली एवढ्याशा झाल्या. पीएनजीचा जन्मही असाच अडवणुकीतून झालाय. १९८७ साली आलेल्या जीआयएफ या जुन्या फाइल-प्रकारातल्या संकोचनाच्या, म्हणजे फाइल लहान करायच्या, पद्धतीचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. १९९४ च्या शेवटी परवाना-शुल्काची गोष्ट निघाली, तेव्हा चिडलेल्या प्रोग्रामरांनी पर्याय बांधायला घेतला आणि १९९६ साली पीएनजी आलं. जीआयएफची मजल २५६ रंगांपर्यंत, शिवाय पारदर्शकता एकतर पूर्ण, नाहीतर शून्य. पीएनजीत लाखो रंग आणि अर्धवट पारदर्शकताही. हलती चित्रं मात्र त्यात नव्हती, म्हणून जीआयएफ अजून तग धरून आहे.

भारतात नुसत्या संगणक-प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(के) बघा. त्यामुळे तुमच्या गेमचे नियम उद्या दुसरा कुणी वापरेल, त्यावर रडत बसू नका. रूप मात्र जपा. अमेरिकेत टेट्रिसची हुबेहूब नक्कल करणारी कंपनी २०१२ साली हरली ती दिसण्यावरून.

आता पैशाचं. नोकरीत केलेलं काम सहसा मालकाचं. स्वतंत्रपणे कोड किंवा गेमची पात्रं करून देत असाल, तर लेखी हस्तांतर करेपर्यंत हक्क बहुतेक वेळा तुमचा. (पैसे घेऊन केलेलं पेंटिंग किंवा फोटो यांना वेगळा नियम आहे.) करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गेम तर जगभर विकला जातो, म्हणून ग्राहक पुन्हा सहीसाठी येतो. तेव्हा मोबदल्याचं बोलायला लाजू नका. इथली माणसं ओळखीपाळखीत कागद मागायला संकोचतात, ते आधी सोडा.

देवनागरीसाठी ‘मुक्त’सारखा खुल्या परवान्याचा फॉन्ट घ्या. गेममध्ये चालतो, फक्त तो फॉन्टच सुटा विकता येत नाही. आणि मुलाखतीला येताना प्रत्येक चित्रामागचा संदर्भ कुठला, ब्रश-फॉन्टचा परवाना कोणता, हे लिहिलेली साधी फाइल सोबत आणा. आमच्याकडे ती पोर्टफोलिओच्या आधी उघडतात.