डिस्चार्ज बुकात नाव चुकलंय? आधी हे वाचा, मगच अर्ज करा

फौज सोडताना मिळालेलं डिस्चार्ज बुक ट्रंकेत जातं ते तिथंच राहतं. पेन्शन दर महिन्याला येतेय तोवर कोण कशाला उघडून बघतंय. मग नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलं की आधारवर एक नाव, पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर दुसरं, आणि तिथला पोरगा म्हणतो काका मॅच होत नाय. तिथून धावपळ सुरू होते, आणि बहुतेक जण चुकीच्या दारात जातात, म्हणजे बँकेत. बँकेला पीपीओत आहे तेच दिसतं, आणि पीपीओत रेकॉर्ड ऑफिसनं, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयानं, कळवलं तेच छापलेलं असतं. त्यामुळं मूळ रेकॉर्ड सुधारल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या पोरांच्या चुका ठरलेल्या असतात. भरतीच्या वेळी लिहून घेणारा क्लार्क उत्तरेकडचा असला तर जाधवचा यादव झालेला असतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि वडलांचं नाव शेवटी, ते तसंच उतरवलं की वडलांचं नावच आडनाव होऊन बसतं. काहींचं तर आडनावच गायब, नुसतं पहिलं नाव आणि वडलांचं नाव. बायकोचं तर विचारूच नका, लग्नात नाव बदलायची पद्धत, मग रेकॉर्डला माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि आधारवर भलतंच तिसरं. आर्मी नंबरच्या शेवटचं अक्षर पण बघा, तो नंबरचाच भाग आहे, बरेच जण अर्जात ते लिहीतच नाहीत आणि मग फाइल शोधताना गोंधळ होतो.

आता पहिलं काम. घरातले सगळे कागद बाहेर काढा, डिस्चार्ज बुक, पीपीओ, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक, आणि वहिनींचे कागद वेगळे. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकातलं नाव आणि जन्मतारीख इंग्रजी स्पेलिंगसकट अक्षर न् अक्षर उतरवा. आणि मग ठरवा की नक्की चुकलाय कोणता कागद. हे कोणी करतच नाही हो. डिस्चार्ज बुक आणि शाळेचा दाखला जुळत असतील आणि आधार एकटंच वेगळं असेल तर रेकॉर्ड ऑफिसच्या नादी लागू नका, आधार सुधारा, ते किती तरी सोपं. फक्त आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून फॉर्म भरताना स्पेलिंग सेंटरवाल्याच्या भरवशावर सोडू नका, स्क्रीनवर स्वतः बघा. आणि आधारवरची जन्मतारीख दाखवून रेकॉर्डमधली बदला म्हणाल तर ते चालणार नाही, आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरत नाहीत, सुप्रीम कोर्टानंही २०२४ मध्ये शाळेच्या दाखल्यालाच वजन दिलंय.

जवानाची स्वतःची जन्मतारीख मात्र रिटायर झाल्यावर बदलून घेणं जवळपास बंद दार आहे असं धरून चाला. भरतीच्या वेळी लिहिली तीच शेवटपर्यंत, कोर्टं पण उशिरा आलेल्यांना उभं करत नाहीत. क्लार्कनं दाखल्यावरून उतरवताना आकडा चुकवला असेल आणि तो दाखला तेव्हापासूनचा असेल तर प्रयत्न करा. बायको-मुलांची जन्मतारीख आणि नावं यांचं तसं नाही, ती दुरुस्त होतात.

अर्ज कुठं पाठवायचा तर तुमच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातलं सागर, आर्टिलरी नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे सॅपर्स खडकी, सिग्नल्स जबलपूर. शेवटची पोस्टिंग राष्ट्रीय रायफल्सला असली तरी रेकॉर्ड मूळ रेजिमेंटकडंच. एअर फोर्सवाल्यांचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. नेव्हीच्या सेलर लोकांची मुंबईत मजा आहे, त्यांचं ऑफिस मानखुर्दला चीता कॅम्पजवळ, हार्बर लाइन पकडली की झालं. (अर्थात गेटवर पास बनेपर्यंत उन्हात उभं राहायची तयारी ठेवा.) मुंबई शहर आणि उपनगरची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं दुरुस्ती स्वतः करत नाहीत, पण अर्ज तपासून, सही-शिक्का मारून पुढं पाठवतात, आणि त्यांच्या पत्रासोबत गेलेला अर्ज लवकर हलतो असा माझा तरी अनुभव आहे.

रेकॉर्डमध्ये काय लिहिलंय हेच माहीत नसेल तर आधी माहितीच्या अधिकारात स्वतःच्या सर्व्हिस डॉक्युमेंटची प्रत मागवा. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पेन्शन लागू न होता फौज सोडलेल्यांनी तर उशीर करूच नका, त्यांची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करतात.

कागद कोणते ते चुकीवर अवलंबून. नुसती स्पेलिंगची चूक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं ॲफिडेव्हिट आणि जुने पुरावे. नाव खरोखरच बदललं असेल तर गॅझेट लागतं, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, त्याचं ऑफिस चर्नी रोडला सरकारी छापखान्यात, अर्ज ऑनलाइन होतो, दलालाला पैसे द्यायची गरज नाही. ॲफिडेव्हिट नोटरीचं चालेल की फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटसमोरचंच पाहिजे हे रेकॉर्डच्या पत्रात नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी नोटरीचं परत येतं. स्टॅम्पचं पण विचारून घ्या, शंभरचा ऑक्टोबर २०२४ ला गेला आणि पाचशेचा आला, सरकारी ऑफिसात द्यायच्या काही ॲफिडेव्हिटना माफी आहे, कोर्टाबाहेरचा टायपिस्ट ते आपणहून सांगणार नाही. लग्नाची नोंदच नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात उशिरा पण करता येते.

अर्ज लांबलचक लिहू नका. तीस वर्षांच्या सेवेचा इतिहास क्लार्क वाचत नाही. एवढंच पुरे:

“मी नंबर अमुक, रँक हवालदार, नाव अमुक, दिनांक अमुक रोजी सेवानिवृत्त. माझ्या डिस्चार्ज बुकात पत्नीचं नाव ‘सुमन’ असं नोंदलं आहे. विवाह प्रमाणपत्र व गॅझेटप्रमाणे ते ‘सुनंदा’ असं पाहिजे. कृपया नोंद दुरुस्त करून पार्ट टू ऑर्डर काढावी व सुधारित पीपीओसाठी कार्यवाही करावी.”

आर्मीवाल्यांनी पार्ट टू ऑर्डर हा शब्द घालाच, नोंदीतल्या बदलाचा तो अधिकृत आदेश, नेव्हीत त्याला जेनफॉर्म म्हणतात. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, सागर-जबलपूरला मराठी अर्ज नुसता पडून राहील. खाली मोबाइल नंबर, सोबतच्या कागदांची यादी, प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही. ओरिजिनल डिस्चार्ज बुक पोस्टानं कधीही पाठवू नका, स्वतःहून तर नाहीच. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, पावतीवरची शाई मुंबईच्या पावसाळ्यात उडून जाते.

रेकॉर्डनं नोंद केली की काम संपलं असं समजून बरेच जण थांबतात, ते नको. पुढं सुधारित पीपीओ निघायला पाहिजे, आर्मीचा प्रयागराजहून, नेव्हीचा मुंबईच्याच पीसीडीएकडून, म्हणजे संरक्षण खात्याच्या लेखा कार्यालयाकडून. तो आला की स्पर्श या पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमध्ये बदल दिसतोय का बघा, मग बँक, मग माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं ईसीएचएस कार्ड, मग सैनिक कार्यालयाचं ओळखपत्र. याच क्रमानं.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो विधवा वहिनींना. जवान हयात असताना त्याच्या एका सहीनं झालं असतं, ते नंतर मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, साक्षीदार यांच्यात अडकतं. म्हणून जोडीदाराचं नाव आजच तपासा. आणि घरात दुःखद प्रसंग आलाच तर हॉस्पिटलच्या फॉर्मवर मयताचं नाव पीपीओत आहे त्याच स्पेलिंगनं लिहून द्या. त्या गडबडीत शेजारचा पुतण्या फॉर्म भरतो, घरात हाक मारायचं नाव लिहितो, आणि पालिकेच्या दाखल्यावर तेच येतं. मग फॅमिली पेन्शन अडते आणि आधी तो दाखला दुरुस्त करत बसावं लागतं. पीपीओची एक झेरॉक्स कपाटाच्या दारालाच आतून चिकटवा आणि सुनेला-मुलीला दाखवून ठेवा.

उत्तर नाही आलं तर जुन्या अर्जाची प्रत लावून स्मरणपत्र, त्यानंतर केंद्राच्या सीपीग्राम पोर्टलवर तक्रार, संरक्षण मंत्रालयाचा माजी सैनिक विभाग निवडा. लेखी नकार आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं खंडपीठ मुंबईतच आहे, पण नकाराचं पत्र हातात घेऊनच वकिलाकडं जा. आणि ‘रेकॉर्ड ऑफिसमधून बोलतोय, दुरुस्ती झाली, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या, दुरुस्तीची नोंद करायला कोणालाच तुमचा ओटीपी लागत नाही.