पॉवर बँक घेताना मागची बाजू वाचा

ठाणे स्टेशनला पश्चिमेकडे सॅटिसच्या पुलाखालून बाहेर पडा नाहीतर वाशी स्टेशनच्या बाहेर या, मोबाइलच्या सामानात पॉवर बँका मांडलेल्या दिसतातच. पुढच्या बाजूला विजेच्या साठ्याचा ठळक आकडा असतो, कधी २०,००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर), कधी थेट ५०,०००. त्या आकड्याकडे आधी बघू नका. पॉवर बँक हातात घ्या, उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. घ्यायची की परत ठेवायची, ते तिथे ठरतं.

पहिली ओळ वॉट-अवरची, म्हणजे आत एकूण किती ऊर्जा मावते त्याची. पुढे छापलेले एमएएच आतल्या सेलचे असतात आणि सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) ३.७ व्होल्ट असतो. फोनकडे जाताना तो ५ व्होल्ट किंवा त्याहून वर चढवावा लागतो. म्हणून १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, आणि ५ व्होल्टच्या हिशेबात सगळं काही आदर्श असलं तरी ७,४०० एमएएच. दाब चढवताना उष्णतेत काही जातं आणि हातात साधारण ६,००० उरतात. चांगल्या कंपन्या हा खरा, हातात येणारा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून वेगळा छापतात. १०,०००च्या पॉवर बँकेवर ५,८०० ते ६,५०० लिहिलेलं दिसलं तर फसवणूक समजू नका, तो प्रामाणिकपणा आहे. फसवणुकीची शंका घ्यावी ती हा आकडा कुठेच नसला तर.

तुमच्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची असेल, तर १०,०००च्या पॉवर बँकेतून तो सव्वा ते दीड वेळा भरेल. दोन वेळा भरणार नाही.

दुसरी खूण बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची. भारतात पॉवर बँकेला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मागे चिन्हाबरोबर मानक क्रमांक (बहुतेकदा आयएस १३२५२) आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. दुकानात उभ्या उभ्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि वस्तूचा प्रकार जुळला पाहिजे. नुसतं चिन्ह छापायला काही लागत नाही, खोटा क्रमांक मात्र लगेच पकडला जातो.

आता वजन. खोटा माल ओळखायला यापेक्षा सोपी कसोटी नाही, म्हणून ती नीट समजून घ्या. अनेक पॉवर बँकांत ‘१८६५०’ नावाचे गोल सेल असतात. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून ते नाव. एक सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो आणि अगदी उत्तम सेलसुद्धा साधारण ३,५०० एमएएचच्या पुढे जात नाही. म्हणजे १०,०००साठी किमान तीन सेल लागतात, २०,०००साठी सहा आणि ५०,०००साठी पंधरा. पंधरा सेलचंच वजन पाऊण किलोच्या आसपास होतं, वर सर्किट आणि खोकं वेगळं. चपट्या पॉलिमर सेलचा हिशेबही फारसा वेगळा नाही. त्यामुळे १०,०००ची पॉवर बँक साधारण २०० ते २५० ग्रॅम भरते, २०,०००ची ३५० ते ४५० ग्रॅम. ‘५०,०००’ लिहिलेली वस्तू पावशेर भरत असेल, तर आत तीन-चार सेलच आहेत. कधी कधी वजन वाढवायला आत वाळू किंवा लोखंडाचा तुकडा भरलेला असतो. हलवून पाहा, आतून काही खडखडलं तर ती तिथेच ठेवा. वाण्याकडच्या काट्यावर पाच सेकंदांत वजन करून मिळतं, मागायला संकोच करू नका.

घरी आणल्यावर पक्की खात्री करायची असेल तर यूएसबी मीटर काही शे रुपयांत मिळतो. पॉवर बँक पूर्ण भरा, बँक आणि तिला जोडलेलं उपकरण यांच्यामध्ये मीटर लावून ५ व्होल्ट, १ अँपिअरने ती रिकामी होऊ द्या आणि वॉट-अवर वाचा. ३७ वॉट-अवरच्या बँकेतून ३० ते ३२ मिळायला हवेत. २५च्याही खाली आकडा आला तर परतीची मुदत संपायच्या आत परत करा.

किती मोठी घ्यायची? पनवेल ते ठाणे ट्रान्स हार्बरने रोज येजा करणाऱ्याला १०,००० पुरे. गर्दीत पिशवीतलं ओझं जाणवतं, आणि अर्ध्या किलोची वस्तू लोक चार दिवसांनी घरीच ठेवू लागतात. पावसाळ्यात वीज गेली की घरातले तीन फोन एकाच बँकेवर येतात, तिथे २०,०००ची कामाला येते. मात्र ती भरायला लागणारा वेळ बघा. १० वॉटने २०,०००ची बँक भरायला नऊ-दहा तास जातात. इनपुट, म्हणजे बँक स्वतः भरण्याचा वेग, १८ वॉट किंवा जास्त असेल तर साधारण निम्म्यात काम होतं.

फास्ट चार्जिंगबद्दल दुकानात फार गोंधळ घातला जातो. फोनबरोबर ६७ किंवा ८० वॉटचा चार्जर आला असेल, तर तो वेग बहुतेक वेळा त्या कंपनीच्याच चार्जर आणि केबलवर मिळतो. साधी पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक फास्ट चार्जिंग) असलेली पॉवर बँक त्याच फोनला अनेकदा १० ते १८ वॉटच देते. ते पुरेसं असतं, पण जास्त वॉटचे पैसे मोजण्याआधी फोन काय घेतो ते तपासा. केबलही महत्त्वाची: साधी सी-टू-सी (दोन्ही टोकांना टाइप-सी पिन असलेली) केबल ३ अँपिअरपर्यंत चालते, ५ अँपिअरसाठी आत चिप असलेली वेगळी केबल लागते. पातळ, रस्त्यावरच्या केबलने चांगली बँकही हळू चालते आणि केबलचं टोक तापतं. इअरबड किंवा घड्याळ लावल्यावर बँक मिनिटाभरात बंद पडत असेल तर ती बिघडलेली नाही. त्यांना लागणारा प्रवाह इतका कमी असतो की बँकेला काही जोडलंय असं वाटतच नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी प्रवाहाचा मोड चालू होतो.

वापरताना शत्रू एकच, उष्णता. एप्रिल-मे महिन्यात उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवरचं तापमान ६० अंशांच्या वर जातं, आणि ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नये. गाडीत बँक ठेवून जाऊ नका. गादीवर, उशीखाली, पांघरुणात चार्ज करू नका. लादीवर किंवा ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा, आणि सगळे झोपल्यावर नको. बँक भरत असताना तिच्यावरच फोन लावला तर दोन्हीकडून ताप वाढतो. अडल्यावेळी ठीक, रोजची सवय नको. वापरात नसेल तर अर्धी भरून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. शून्यावर पडून राहिलेला सेल मरतो.

लोकलमध्ये मागच्या खिशात ठेवू नका. दारातल्या रेट्यात किंवा बाकावर बसताना ती वाकते, आणि सेलला चेप बसली की आतले पडदे फाटून दोन ध्रुव एकमेकांना भिडतात. आग तेव्हाच लागेल असं नाही, काही दिवसांनी चार्ज करतानाही लागू शकते. जोरात आपटलेली, चेपलेली बँक म्हणून बाजूलाच काढावी. जुलैतल्या पावसात पोर्टला ओल लागली तर पूर्ण दिवस वाळू द्या, मगच लावा. गुडघाभर साचलेल्या पाण्यात बुडालेली बँक वाळली तरी वापरू नका.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनच्या सामानात चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएच, परवानगी लागत नाही. १०० ते १६०च्या मध्ये असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. मागे वॉट-अवर छापलेले नसतील किंवा पुसले गेले असतील तर तपासणीत अडकू शकते. आत बसल्यावर ती वरच्या कप्प्यात टाकू नका, जवळ ठेवा. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये उड्डाणाआधीच एक विमान पेटलं. वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेतून आग सुरू झाली असावी, असं तिथल्या तपासातून पुढे आलं.

बँक टेबलावर सपाट बसत नाही, मध्ये पोट आल्यासारखं वाटतं, जोडावर फट दिसते किंवा गोडसर, रंगाच्या थिनरसारखा वास येतो, तर सेल फुगला आहे. त्या क्षणापासून ती चार्ज करायची नाही आणि वापरायचीही नाही. हवा जाईल म्हणून टोचणं तर सर्वांत धोक्याचं. पोर्टवर चिकटपट्टी लावा आणि कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, गॅलरीत सावलीला ठेवा. धूर निघू लागला आणि ती प्लगला लागलेली असेल, तर बोर्डाचं बटण बंद करा, माणसांना खोलीबाहेर काढा, खिडकी उघडता आली तर उघडा. तो धूर विषारी असतो, हातात धरून बाहेर पळवायला जाऊ नका. सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी टाकलं तर सेल थंड होतात आणि आग शेजारच्या सेलकडे जायची थांबते. विझल्यासारखी वाटली तरी ती पुन्हा पेटू शकते. ज्वाळा पसरल्या तर बाहेर पडून १०१ला फोन करा.

जुनी झालेली बँक सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला सेल तिथेच पेटतो, आणि त्याच्याजवळ उभी असतात ती सफाई कामगार माणसं. पोर्टवर पट्टी लावून, वेगळ्या पिशवीत, ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर किंवा जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात द्या, आणि फुगलेली असेल तर देताना तसं तोंडाने सांगा.